पोवळ्याची तोंडं मोजताना

आमच्या टाकीतलं प्रवाळ मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा त्याला चौदा तोंडं होती. तोंड म्हणजे एकेक वेगळा जीव. शर्टाच्या बटणाएवढा, मधे नारिंगी, कडेला हिरव्या केसांची झालर. दिवा लागला की उघडतो, धक्का लागला की मुठीसारखा मिटतो. हे सगळे जीव बुडाशी एकाच कातड्याने जोडलेले असतात आणि त्या कातड्यातूनच नवीन तोंड फुटतं. त्यामुळे या जातीचं प्रवाळ किती वाढलं हे पट्टीने सांगता येत नाही. तोंडं मोजावी लागतात.

दगड बांधणारं प्रवाळ घरी ठेवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. मी घेतलं ते मऊ, दगड न बांधणारं, आणि तसं दुकानदाराकडून लिहून घेतलं. टाकी दोन फुटांची, बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या आतल्या भिंतीला, आणि आत एका दगडावर चिकटवलेलं हे प्रवाळ. पाणी मी स्वतः तयार करतो. गाळलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम. तापमान सव्वीस.

"समुद्र इथनं दहा किलोमीटरवर हाय, आणि आमचे जावईबापू बादलीत मीठ ढवळून समुद्र करतात," असं माझे सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "उद्या घरात वाळूपन आणतील."

"किनाऱ्याचं पाणी भरवशाचं नाही, मामा."

"आमी जन्मभर त्याच पाण्यातले मासे खाल्ले. आमचा तरी भरवसा हाय का तुमाला?"

मी एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत माल तपासण्याचं काम करतो. सत्तावीस वर्षं झाली. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून प्रवाळाची मोजणीही शुक्रवारी. सकाळी दहाला, दिवे लागून दोन तास झाल्यावर. आकडा वहीत लिहायचा आणि फ्रिजवर लावलेल्या आलेखावर ठिपका द्यायचा. तीस आठवड्यांत चौदाची एकोणचाळीस तोंडं झाली. आठवड्याला साधारण साडेतीन टक्के.

"मुलाच्या मार्कांचा कधी आलेख काढला नाहीत," बायको म्हणाली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

"त्याचे मार्क वाढत नव्हते."

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या प्रवाळाच्या कातड्यात विष असतं. हाताला जखम असेल तर तिच्यातून ते अंगात भिनू शकतं, डोळ्यात गेलं तर डोळा भाजतो. टाकी आणली त्याच दिवशी मी याबद्दल मिळालं ते सगळं वाचलं, तीन पानं छापून फाइलला लावली आणि बायकोला वाचून दाखवली. टाकीच्या काचेवर जाड अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'विषारी. टाकीत उघडा हात घालू नये.' खालच्या कप्प्यात रबरी हातमोजे ठेवले. माझ्या मते एवढं पुरेसं होतं.

सासरे आमच्याकडे राहायला आले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. सासूबाई गेल्यावर चिंचणीच्या घरात ते एकटे पडले होते, वय शहात्तर. चिंचणीला त्यांची वाडी आहे. नारळ, केळी, थोड्या पानवेली. यायला ते तयार नव्हते. शेवटी बापलेकीत माझ्यासमोर करार झाला. त्यांनी एक दिवसाआड एसटीने वाडीत जायचं, एकट्याने, आणि कोणी अडवायचं नाही. बायकोची अट अशी की हे हातपाय आणि डोळे चालतात तोवरच. यातलं एक जरी बंद पडलं तरी वाडी चुलतभावाकडे द्यायची आणि घरी बसायचं.

"कबूल," ते म्हणाले. "पन बंद पडलं की नाय ते मी सांगनार."

त्यांच्या मोजण्याबद्दलही सांगतो. लग्नानंतर मी पहिल्यांदा वाडीत गेलो तेव्हा ते विड्याच्या पानांचे शंभर-शंभरचे जुडे बांधत होते. तोंड माझ्याकडे, गप्पा पावसापाण्याच्या, आणि मांडीवर उजवा अंगठा पानांच्या कडांवरून सरकत चाललेला. खाली एकदाही पाहिलं नाही. मला ते पटेना. ते पाणी प्यायला उठले तसा मी एक जुडा सोडून पानं मोजली. बरोबर शंभर. परत बांधून ठेवला.

यंदा हिवाळा संपता संपता आमच्या कारखान्यात शटडाऊन लागला. सगळी यंत्रं उघडून साफ करायची, त्यामुळे आमच्या शुक्रवारच्या सुट्ट्या बंद. सात आठवडे. शुक्रवारी बायको शाळेत. घरी राहत ते सासरे. शुक्रवारी ते वाडीत जात नसत, त्या दिवशी एसटीला गर्दी असते म्हणत. मी त्यांना मोजणीचं काम सोपवलं. दहा वाजता मोजायचं, मी वीस मिनिटांनी फोन करीन, आकडा सांगायचा.

"पोवळं मोजायचं? एवढंच ना?"

"एवढंच. पण बरोबर मोजायचं."

"बघू जमतं का," ते म्हणाले.

पहिल्या शुक्रवारी फोनवर आकडा आला एक्कावन्न.

"मामा, मागच्या आठवड्यात एकोणचाळीस होती."

"आसतील. आज एक्कावन्न हायत."

"परत मोजा."

"परत नाय मोजनार. बिचारी दमली."

कोण दमलं ते मी विचारलं नाही. माझ्या मागे कारखान्यात ग्राइंडरचा आवाज चालू होता. आकडा लिहून घेतला. पुढचे आकडे असे आले: बावन्न, बावन्न, चोपन्न, पंचावन्न, पंचावन्न, सत्तावन्न. आलेखावर माझी रेघ एकोणचाळीसपर्यंत चढत आली होती. तिथून एकदम बारा घरं उडी, आणि पुढे जवळजवळ सपाट.

प्रयोगशाळेत असे आकडे मी पाहिलेले आहेत. माझ्या हाताखालचा एक जण नमुना न तपासता खुर्चीत बसून आकडे लिहायचा. मी त्याला आकड्यांवरूनच पकडलं होतं. खोटे आकडे लिहिणारा माणूस पहिल्यांदा एक चूक करतो आणि मग त्या चुकीला शोभतील असे पुढचे आकडे रचतो. त्याची बदली झाली, ती मी करवली. त्यामुळे एक्कावन्ननंतर आलेल्या त्या बेताच्या वाढीकडे बघून माझं मत पक्कं झालं होतं. सासरे टाकीकडे बघतच नव्हते. एकदा चुकीचा आकडा तोंडातून गेला आणि आता ते तो सांभाळत होते.

शटडाऊन संपल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी दहा वाजता मी टाकीसमोर स्टूल घेऊन बसलो. त्या आठवड्यात वाडीत पाण्याचा पंप बसवायला माणूस यायचा होता म्हणून सासरे चिंचणीला गेले होते. मी तीनदा मोजलं. फोटो काढला, छापला, एकेका तोंडावर पेनाने ठिपका देत पुन्हा मोजलं. चारही वेळा बेचाळीस. माझ्या जुन्या वेगाने सात आठवड्यांत ती एकोणपन्नास व्हायला हवी होती. म्हणजे वाढही मंदावली होती, आणि कधी मंदावली, का मंदावली, हे शोधायला मधल्या सात आठवड्यांचा एकही खरा आकडा माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी ते आले. मी चहासुद्धा होऊ दिला नाही.

"मामा, मागच्या शुक्रवारी सत्तावन्न सांगितलीत."

"हां."

"कुठून आली?"

"मोजली."

"मला बेचाळीस दिसतात."

"दिसत आसतील." ते चप्पल काढत होते. चप्पल ठेवायची जागा त्यांनी आधी पायाने चाचपली. हे मला आज आठवतं, तेव्हा मी ते नुसतं पाहिलं.

"पंधराचा फरक आहे. चूक एकदोनची होते, पंधराची होत नाही. तुम्ही न बघताच सांगत होतात."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काय बोलताय? पोवळ्यावरून?"

"पोवळ्यावरून नाही. मी विचारलं असतं आणि त्यांनी नाही जमत म्हटलं असतं तर चाललं असतं. खोटा आकडा नको होता मला."

सासरे उभेच होते. त्यांचं तोंड माझ्या दिशेने होतं, पण नजर माझ्या कानाच्या जरा बाजूला. रागाने ते माझ्याकडे बघत नाहीत असं मला वाटलं.

"न बघता सांगितलं, हे खरं," ते म्हणाले. "खोटं सांगितलं, हे तुमचं."

"म्हणजे काय?"

"म्हंजे सत्तावन्न." आणि आत गेले.

तो आठवडा आमच्या घरात वाईट गेला. ते माझ्याशी बोलत नव्हते आणि बायको दोघांशीही. मी कामावर असताना डोक्यात तेच. नुसतं माझं खरं असून मला पुरत नव्हतं, ते त्यांच्यासमोर सिद्ध व्हायला हवं होतं. म्हणून पुढच्या शुक्रवारी मी नाश्त्याच्या वेळी म्हणालो, "मला आज कामावर बोलावलंय. मामा, तुम्ही मोजाल का? शेवटचं."

"मोजीन," ते म्हणाले. आठवड्यातला पहिला शब्द.

मला कोणी बोलावलं नव्हतं. बायको शाळेत गेली. मी डबा घेऊन खाली उतरलो आणि नाक्यावरच्या टपरीवर पाऊण तास बसलो. तिथला चहावाला ओळखीचा. "साहब, आज छुट्टी नहीं?" म्हणाला. मी चहा सांगितला. दहा वाजून पाच मिनिटांनी वर आलो आणि आवाज न करता दार उघडलं.

सासरे टाकीशेजारी उभे होते. टाकीचं झाकण काढून कोचावर ठेवलेलं. सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर, आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. तोंड टाकीकडे नव्हतं. ते खिडकीच्या उजेडाकडे होतं, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. पाण्यात त्यांचं बोट प्रवाळावरून सावकाश सरकत होतं. बोट टेकलं की एक तोंड मिटायचं. मग पुढचं. पुढची बाजू पूर्ण मिटलेली होती आणि बोट आता दगडाच्या मागे वळलं होतं, भिंतीकडच्या काळोख्या बाजूला.

"अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास."

त्यांच्या बोटांवर केळीचा घड कापताना झालेल्या चिरा होत्या, त्या मी त्याच सकाळी चहाच्या कपावर पाहिल्या होत्या. तीन पानांमधलं सगळं एकदम डोळ्यापुढे आलं आणि मी ओरडलो, "हात काढा! मामा, हात काढा बाहेर!"

दारातून असा आवाज आल्यावर कोणीही दचकेल. त्यांनी हात झटक्यात बाहेर काढला, पाणी उडालं, थोडं त्यांच्या तोंडावर आलं, आणि माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्याच ओल्या हाताने उजवा डोळा पुसला.

मी त्यांना बेसिनपाशी ओढत नेलं. नळाखाली डोळा धरायला लावला. पंधरा मिनिटं धुवायचं असतं, मी घड्याळ लावून वीस मिनिटं धुतला. ते मधेमधे हसत होते.

"आवो, पोवळं चावतं का काय?"

"विषारी आहे ते. काचेवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय!"

"त्यावर काय लिवलंय ते मला कोनी सांगितलं नाय," ते म्हणाले.

तरीही मला कळलं नाही. रागाच्या भरात ते असं बोलतात असंच मी समजलो.

अर्ध्या तासाने हसणं थांबलं. डोळा लालभडक झाला, पापणी सुजली, पाणी थांबेना. डोळ्यात मिरचीची पूड गेल्यासारखं होतंय म्हणाले. बोटंही बधिर झाली होती. नाक्यावरचा डोळ्यांचा डॉक्टर गावाला गेलेला, म्हणून मी रिक्षा केली आणि पालघर गाठायचं ठरवलं. फाइलमधली ती तीन पानं सोबत घेतली. बायकोला फोन करून सरळ पालघरला ये म्हणालो.

रस्त्यात एकेका गतिरोधकाला ते माझं मनगट घट्ट धरत. रिक्षावाला आरशातून बघत होता. "चाचा को क्या हुआ?"

"आँख में कुछ गया है."

"धीरे चलूँ या तेज?"

मी घड्याळ पाहिलं. सासरेच म्हणाले, "तेज."

कोळगाव मागे पडेपर्यंत मी एकच हिशेब करत होतो. पाणी उडालं किती वाजता, नळाखाली डोळा गेला किती वाजता. माझ्या अंदाजाने मधे चाळीस सेकंद गेले होते. त्या चाळीस सेकंदांचं कारण माझा आवाज होता. मी खाली टपरीवर बसून राहिलो असतो तर त्यांनी हात काढून पंचाला पुसला असता.

डॉक्टरबाईंनी माझी पानं उभ्या उभ्या वाचली. असा रोगी त्यांनी पाहिला नव्हता, तसं त्यांनी सांगितलं. डोळा पुन्हा धुतला, पिवळा रंग टाकून यंत्रातून पाहिला. वरचा पडदा भाजला होता. "भरून येईल असं वाटतंय. चार दिवस गेले की सांगते." उजव्या डोळ्यात औषध घालून पट्टी लावली. तोवर बायको येऊन पोचली होती.

"बाबा, आता डावा तपासू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "समोर किती बोटं?"

सासऱ्यांनी मान जरा वळवली.

"बाबा?"

"तुमीच सांगा."

डॉक्टरबाईंनी हात जवळ नेला. "आता?"

"उजेड हाय समोर," ते म्हणाले. "हात हाय का?"

डॉक्टरबाईंनी डाव्या डोळ्याचा दाब मोजला. अडतीस. एकवीसच्या आत असावा लागतो, त्या म्हणाल्या. काचबिंदू. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेने नजर खात येतो. डाव्यातलं जवळजवळ सगळं गेलं होतं आणि गेलेलं परत येत नाही. उजव्यात किती शिल्लक आहे ते पट्टी निघाल्याशिवाय मोजता येणार नव्हतं. आणि तोच डोळा भाजला होता.

"कधीपासून, बाबा?" बायकोने विचारलं.

"तुझी आई होती तेव्हापासून. तिला म्हाईत होतं."

"आणि तुम्ही रोज एसटीने..."

"रोज नाय. दिवसाआड."

"कसे?"

"मोजून," ते म्हणाले. "तारापूर गेलं की चढ येतो. चढानंतर तिसऱ्या थांब्याला उतरायचं. थांब्यापासनं वाडीच्या फाटकाला तीनशे चाळीस पावलं. तुमच्या बिल्डिंगच्या पायऱ्या सोळा-सोळा. उजव्या डोळ्याला मधलं थोडं दिसतं, नळीतनं बघितल्यासारखं. तेवढं पुरतं."

बायको खुर्चीवर बसली आणि पदराचं टोक तोंडात धरून राहिली.

ते चार दिवस डावा डोळा उघडा असूनही त्यांना उजेडापलीकडे काहीच दिसत नव्हतं, कारण पट्टी त्यांच्या एकुलत्या एका चालत्या डोळ्यावर होती. मी रजा टाकली. दर दोन तासांनी थेंब घालायचे, वेळ लिहायची. बोटांचा बधिरपणा दुसऱ्या दिवशी गेला. ते भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जात, आणि मी हात पुढे केला की म्हणत, "मोजतोय, मधे येऊ नका."

तिसऱ्या दिवशी टाकीतलं प्रवाळ पुन्हा पूर्ण उघडलं. मी बायकोचा हातातला आरसा घेतला, टाकी आणि भिंत यांच्या फटीत तिरपा धरला आणि टॉर्च मारला. दगडाच्या मागच्या अंगाला, मी कधीही न बघितलेल्या काळोख्या बाजूवर, तोंडं होती. लहान, फिकट, उजेड कमी म्हणून मान लांबवलेली. मी मोजली. मग आरसा दुसऱ्या बाजूने धरून परत मोजली. पंधरा.

पुढे बेचाळीस, मागे पंधरा.

माझ्या वहीतले आकडे कधीपासून चुकीचे होते ते आता कळायला मार्ग नव्हता. पहिली चौदा बरोबर असावीत, तेव्हा प्रवाळाचा तुकडा सपाट होता, सगळा पुढच्या बाजूला. त्यानंतरची मी फक्त दिसली तेवढी मोजली होती. साडेतीन टक्के हा वेगही त्यामुळे खोटा. आणि सासऱ्यांचे सात आकडे, ज्यांच्याखाली मी लाल पेनाने रेघ मारली होती, तेवढेच खरे होते. वाढ मंदावण्याचं कारणही उघड होतं. दर शुक्रवारी एकेका जीवाला बोट लागून तो मिटत होता.

मी आत गेलो. ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते.

"मामा, आरसा लावून मोजलं. मागे पंधरा आहेत."

"मंग?"

"सत्तावन्न."

"मी ते सांगितलं होतं."

"हो."

त्यांनी पाठीमागची उशी सरकवली. मग म्हणाले, "सोपं काम हाय ते. बोट लागलं की मिटतं. मिटलं म्हंजे मोजलं. उघडं हाय म्हंजे राहिलं. दोनदा मोजायची भानगड नाय. पानांत असं नसतं."

"मी तुम्हाला खोटं म्हणालो. चुकलं माझं."

"तुमी परत मोजलंत ना? मोजनारच. तेव्हाची पानंपन तुमी जुडा सोडून मोजली होती."

"ते तुम्हाला कुठून कळलं?"

"तुमच्या सासूने बघितलं होतं तुमाला, विहिरीमागनं," ते म्हणाले. "रात्री किती हसली. म्हनाली, जावई चांगला हाय, फक्त त्याच्या हातात काय देऊ नका, मोजत बसतो."

पाचव्या दिवशी पट्टी निघाली. पडदा भरून आला होता. उजव्या डोळ्याचा दाब एकोणतीस निघाला, आणि नजरेचा नकाशा काढला तो मधे छोटं पांढरं वर्तुळ आणि भोवती सगळं काळं असा. दिवसातून तीनदा थेंब, जन्मभर. महिन्याने दाब एकोणीसवर आला. "हे टिकवायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या थेंबांची वेळ आता फ्रिजवर लिहिलेली असते, प्रवाळाच्या आलेखाशेजारी. नंतरच्या पाच शुक्रवारी कोणाचंही बोट लागलं नाही. आरसा धरून मोजलं तर तोंडं चौसष्ट झाली.

वाडीचा प्रश्न राहिला होता. बायकोने कराराची आठवण करून दिली. चुलतभाऊ तयारच होता. सासरे वाद घालत नव्हते, जेवत नव्हते. दोन वेळा अर्धी भाकरी, मी पाहत होतो. शेवटी मी म्हणालो, "शुक्रवारी मी सोबत जाईन. दर शुक्रवारी. एका शुक्रवारी काही झालं तर वाडी दिली."

"तुमी मागनं चालायचं," सासरे म्हणाले. "हात धरायचा नाय."

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जबाबदार."

पहिल्या शुक्रवारी आम्ही चिंचणीला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. थांब्यावर त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला, काठी पुढे धरली आणि चालू लागले. मी तीन पावलं मागे. मीही मनात मोजत होतो. त्यांचा वेग मला वाटला त्यापेक्षा जास्त होता. एका बाईने "आले का बाबा बरेच दिसांनी?" म्हटलं, त्यावर त्यांनी फक्त काठी उचलली, कारण बोललं तर आकडा चुकला असता.

दोनशेच्या पुढे गेल्यावर मला खड्डा दिसला. नळाच्या पाइपासाठी रस्ता आडवा खोदला होता, कंबरभर खोल, माती पलीकडच्या बाजूला टाकलेली. अलीकडे काहीच नव्हतं, ना फळी ना दोरी. दोन महिन्यांपूर्वी तो नव्हता. सासरे सरळ त्याच्या दिशेने चालले होते. काठी ते उचलून टाकत होते, जमिनीला घासत नव्हते. नळीतून दिसेल एवढं त्यांना लांबचं फाटक दिसत असणार, पायाखालचं नाही.

ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. तीन लांब पावलं टाकून पुढे झालो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला फक्त. ते थांबले. काठीचं टोक खड्ड्याच्या काठापासून हातभर होतं.

"दोनशे बारा," ते म्हणाले. "काय हाय?"

"रस्ता खणलाय. आडवा. पाइप टाकतायत."

त्यांनी काठी खाली नेली. काठाची माती सुटून खाली पडली, ती पडलेली त्यांनी ऐकली. 

"किती रुंद?"

"चार फूट. उजवीकडे फळी टाकलीय, दहा पावलांवर."

"मंग दहा तिकडं, फळीवर तीन-चार, दहा परत," ते म्हणाले. "ही मोजायची नाय. खड्ड्याची दोन धरून पलीकडं दोनशे चौदापासनं. ध्यानात ठेवा."

फळीवर त्यांनी माझा दंड धरला. पलीकडे पोचल्यावर सोडला.

"चला," ते म्हणाले, "तुमी मागं व्हा."

मी मागे झालो. दोनशे चौदा.